संमोहनाने बिडी सुटते का?

‘एका बैठकीत बिडी-सिगारेट बंद, गोळी नाही, त्रास नाही’ अशा अर्थाच्या जाहिराती आता मोबाईलवरून वस्तीतल्या घराघरांत पोहोचतात. सोलापूरला किंवा पुण्याला जायचे, संमोहनतज्ज्ञासमोर डोळे मिटून बसायचे आणि उठताना व्यसन तिथेच ठेवून घरी यायचे, असे चित्र त्यात रंगवलेले असते. ज्याने चार वेळा बिडी सोडली आणि चार वेळा पुन्हा पेटवली, त्याला हे खरे असावे असे वाटणे साहजिक आहे. रात्रभर नवऱ्याचा खोकला ऐकणाऱ्या बाईला तर ते खरे असायलाच हवे असे वाटते. मग हप्त्याने का होईना, पैसे गोळा होतात.

म्हणून या वेळी आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. संमोहन ही जादू नाही आणि थोतांडही नाही. काही माणसांना त्याचा आधार होतो. पण इतर मार्गांपेक्षा त्याने व्यसन जास्त सुटते, असे अजून सिद्ध झालेले नाही. ज्या मार्गांचा उपयोग सिद्ध झाला आहे, ते मोहोळमध्ये राहून, फुकट किंवा थोड्या पैशांत करता येतात. हे कसे, ते क्रमाने पाहू.

आपल्या घरातली तंबाखू

जाहिरातीत बहुधा सिगारेट दिसते. आपल्या घरात काय दिसते? २०१६-१७ साली देशभर प्रौढांचे तंबाखू सर्वेक्षण झाले. त्यात महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी जवळजवळ २७ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. त्यातले ओढणारे जेमतेम ४ होते. चघळणारे, दाताला लावणारे, गालात धरणारे मात्र २४ होते. काही जण दोन्ही करतात. म्हणजे आपल्याकडचा मोठा प्रश्न चुना-तंबाखूचा, माव्याचा आणि मिसरीचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते.

ओढणाऱ्यांत आपल्याकडे बिडी जास्त. बिडी छोटी, तंबाखू कमी, वरून पान झाडाचे, म्हणून ती सिगारेटपेक्षा बरी, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तेंदूचे पान नीट जळत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून माणूस जोरात आणि वारंवार झुरके घेतो. निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बिडीतून सिगारेटइतकाच, बऱ्याचदा त्याहून जास्त शरीरात जातो. धूम्रपान करणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका सुमारे दोन ते अडीच पट असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे हा धोका एकट्या ओढणाऱ्यापुरता राहत नाही.

मग लोक ओढतात का? अज्ञान हे एकच कारण देऊन चालणार नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, सेंट्रिंगच्या कामावर किंवा हमालीत माणूस नुसता बसला तर मुकादम ओरडतो. बिडी काढून बसला तर पाच मिनिटे कोणी काही म्हणत नाही. बिडी ही गरिबाची सुट्टी आहे. तंबाखूने भूकही मरते. सकाळी सहाला घर सोडणारा माणूस दुपारच्या भाकरीपर्यंत चहा आणि तंबाखूवर तग धरतो. बाईच्या मिसरीचेही तसेच. दात ठणकला म्हणून आईने लावायला सांगितलेली मिसरी पुढे तिची सोबतीण होते. दिवसभरात स्वतःसाठी मिळालेली तेवढीच पाच मिनिटे असतात. हे समजून न घेता ‘सोड, सोड’ म्हणत राहिले, तर तो माणूस लपून ओढतो, इतकेच.

दोन गाठी

तंबाखूचे व्यसन दोन गाठींनी बांधलेले असते. पहिली गाठ शरीराची. बिडीचा झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते आणि बरे वाटते. साधारण दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते. मग चिडचिड, बेचैनी, हाताला चाळा. पुन्हा बिडी पेटवली की ही बेचैनी जाते आणि माणसाला वाटते, बिडीने टेन्शन कमी झाले. वास्तविक ती बेचैनी बिडीनेच आणलेली असते. तंबाखू बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. तीन-चार आठवड्यांत शरीराची ही मागणी बरीच ओसरते.

दुसरी गाठ सवयीची. चहा झाला की बिडी. जेवण झाले की तंबाखू मळायची. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहताना, मित्र भेटला की, भांडण झाले की, पगार झाला की. ही गाठ शरीराच्या मागणीनंतरही महिनोन् महिने टिकते. सहा महिने बिडी न शिवलेला माणूस एखाद्या लग्नात किंवा मयतीत एक पेटवतो आणि आठवड्याभरात पुन्हा बंडलावर येतो, तो या दुसऱ्या गाठीमुळे.

संमोहन काम करू शकते ते या दुसऱ्या गाठीवर. शरीराला हवे असलेले निकोटीन ते देऊ शकत नाही. एवढे लक्षात ठेवले तर पुढचा सगळा हिशेब सोपा होतो.

संमोहन म्हणजे काय

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर व्हिएन्नातून पॅरिसला आला. माणसाच्या अंगात एक अदृश्य चुंबकशक्ती वाहते आणि आपण हात फिरवून ती नीट करतो, असा त्याचा दावा होता. लोक त्याच्यापुढे थरथरायचे, बेशुद्ध पडायचे आणि बरे झालो म्हणून सांगायचे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. त्यांनी लोकांचे डोळे बांधून परीक्षा घेतली. शक्ती सोडली नसतानाही, ‘सोडली आहे’ असे वाटले की माणसे थरथरत. शक्ती सोडली, पण माणसाला ते कळू दिले नाही, तर काहीच होत नसे. निष्कर्ष असा निघाला की चुंबकशक्ती वगैरे काही नाही, परिणाम होतो तो मनातल्या समजुतीचा.

पुढे १८४० च्या दशकात जेम्स ब्रेड या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने याच गोष्टीला शास्त्राच्या चौकटीत आणले. त्याच सुमारास आपल्या देशातही हा प्रयोग झाला. १८४५ मध्ये बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल या इंग्रज सरकारच्या डॉक्टरने मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. त्याचा पहिला रुग्ण तुरुंगातला कैदी होता. नवे उपचार आधी कोणाच्या शरीरावर करून पाहिले जातात, हे यातून दिसते. दोनच वर्षांत क्लोरोफॉर्म आले आणि शस्त्रक्रियेसाठी या पद्धतीची गरज उरली नाही.

आज ज्याला संमोहन म्हणतात ती एकाग्रतेची अवस्था आहे. ती झोप नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे. उपचारक शांत आवाजात श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो, अंग सैल सोडायला सांगतो. लक्ष एका जागी गोळा झाले, आजूबाजूचा गोंगाट दूर गेला, की तो सूचना देतो: तुमचा श्वास मोकळा होतो आहे, बिडीचा धूर तुम्हाला नकोसा वाटतो आहे, चहा झाल्यावर तुम्ही पाणी पिऊन कामाला लागता आहात. माणसाला सगळे ऐकू येत असते. मनाविरुद्ध काही करायला लागले तर तो उठून जाऊ शकतो. सगळ्यांना हे सारखे जमत नाही. काही जण सहज एकाग्र होतात, काहींना कितीही केले तरी होता येत नाही. त्यात हुशारीचा किंवा कमकुवतपणाचा संबंध नाही.

महाराष्ट्रात संमोहनाभोवतीची भीती कमी करण्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचा वाटा आहे. श्याम मानव यांनी स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतल्या. अंगात येण्यामागे दैवी शक्ती नसून मनाची अवस्था असते, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव समजावले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी बुवाबाजीशी लढता लढता साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचे काम उभे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पुण्यातले ‘मुक्तांगण’ १९८६ पासून डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या प्रयत्नातून उभे राहिले. अशा ठिकाणी भर असतो तो उपचार, समुपदेशन, घरच्यांचा सहभाग आणि नंतरचा सततचा पाठपुरावा यांवर. एका बैठकीत काम संपले, असे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात मुरलेला माणूस सहसा म्हणत नाही.

परीक्षेत काय दिसले

अमेरिकेत १९९३ साली स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान करणाऱ्या २२६ जणांना एकाच बैठकीत स्वसंमोहन शिकवले होते. धूर हे माझ्या शरीराला विष आहे, जगायला मला हे शरीर लागते, म्हणून त्याची काळजी घेणे माझे काम आहे, अशा धर्तीची ती सूचना होती. आठवड्याने पाहिले तर ५२ टक्के लोकांनी धूम्रपान बंद केले होते. दोन वर्षांनी २३ टक्के उरले.

जाहिरात करणारा पहिला आकडा सांगेल. आपण दुसरा पाहायचा. दोन वर्षांनी शंभरातले २३ टिकले हेही वाईट नाही, कारण कोणाचीही मदत न घेता सोडणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन ते पाचच जण वर्षभर टिकतात. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जे स्वतःहून उपचाराला आले त्यांचा निश्चय आधीच पक्का असेल, तर श्रेय संमोहनाचे किती आणि निश्चयाचे किती, हे त्यातून कळत नाही.

ते कळायचे तर एका गटाला संमोहन आणि दुसऱ्या गटाला दुसरी मदत देऊन तुलना करावी लागते. अशा अभ्यासांचा जगभरचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये घेतला. त्यात १४ अभ्यास आणि १,९२६ लोक होते. समुपदेशनासारख्या इतर मदतीपेक्षा संमोहनाने धूम्रपान जास्त सुटते, असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट निकोटीनच्या च्युइंग गम, पट्टी यांनी सोडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक वाढते, आणि औषध व समुपदेशन दोन्ही मिळाले तर नुसत्या जुजबी सल्ल्याच्या तुलनेत ती जवळजवळ दुप्पट होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हे अभ्यास मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांवर झालेले आहेत. तंबाखू खाणाऱ्यांना आणि मिसरी लावणाऱ्यांना समुपदेशन आणि पाठपुरावा यांचा उपयोग होतो.

केसपुत्तचा प्रश्न

केसपुत्तचे कालाम लोक तथागतांकडे अशीच अडचण घेऊन गेले होते. जो येतो तो आपलेच खरे म्हणतो, मग मानायचे कोणाचे? परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर मानू नका, अनुभवाने पारखून घ्या, असे उत्तर त्यांना मिळाले. संमोहनतज्ज्ञाची पाटी पाहून आपणही तेच करायचे. पैसे देण्याआधी पाच गोष्टी विचारा.

१. तुमचे शिक्षण काय? मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असेल तर वैद्यकीय परिषदेची नोंदणी असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे.

२. सहा महिन्यांनी किती लोक टिकतात? ‘शंभर टक्के हमी’ असे उत्तर आले की उठून या.

३. एकूण खर्च किती आणि किती बैठका? आधी सगळे पैसे मागत असेल तर नको.

४. नंतर फोनवर किंवा भेटून पाठपुरावा करता का?

५. डॉक्टरने सुरू केलेल्या गोळ्या बंद करायला सांगता का? क्षयरोग, दमा, रक्तदाब, फिट किंवा मानसिक आजार यांची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून थांबवायची नाही.

ज्यांना भास होतात, कानात आवाज येतात किंवा ज्यांचा गंभीर मानसिक आजारावर उपचार सुरू आहे, त्यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय संमोहनाला बसू नये. बाईमाणसाने पहिल्यांदा जाताना घरचे कोणी सोबत न्यावे. आणि अंगारा, ताईत, मंत्र देऊन व्यसन सोडवणाऱ्याकडे जाण्याचा प्रश्नच नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला हे वेगळे सांगायला नको.

वर्षावासाचे तीन महिने

सोडायचे ठरवले तर एक दिवस नक्की करावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी चांगला काळ आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, माणसे रोज संध्याकाळी एकत्र येतात. निकोटीन गमचा कोर्सही साधारण बारा आठवड्यांचाच असतो. वर्षावास गेला असेल तर थांबू नका, कोणतीही पौर्णिमा धरा.

आधीचा आठवडा: आपण कधी कधी ओढतो किंवा खातो ते एका कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाला सांगा, तो लिहील. सकाळी उठल्यावर, चहानंतर, कामाच्या सुट्टीत, झोपताना अशी यादी झाली की प्रत्येक वेळेसाठी पर्याय ठरवा. चहानंतर बडीशेप, सुट्टीत पाणी आणि चार पावले चालणे, टपरीवरून जाणारा रस्ता टाळणे. सुट्टीची पाच मिनिटे मात्र सोडायची नाहीत. बिडी जाईल, विश्रांती राहिली पाहिजे.

एकदा मोहोळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरला सांगा, ‘मला तंबाखू सोडायची आहे.’ छातीत दुखत असेल, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर तेही सांगा, थुंकीची तपासणी होईल. ज्यांना जास्त मदत लागते त्यांच्यासाठी सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, आहे. गोळ्यांची गरज आहे की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील. त्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत.

गम कसा वापरायचा: निकोटीन गम मेडिकलमध्ये मिळतो. नेहमीच्या च्युइंग गमसारखा चावत राहिले तर तो उपयोगी पडत नाही, उचकी लागते आणि मळमळते. हळूहळू चावायचा, जीभ चुरचुरली की गालात धरायचा, चुरचुर गेली की पुन्हा थोडा चावायचा. असे अर्धा तास. आधी पाव तास आणि तोंडात असताना चहा प्यायचा नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग आठवड्यागणिक कमी. उठल्यापासून अर्ध्या तासात बिडी लागते अशांनी किती ताकदीचा गम घ्यायचा ते डॉक्टरला विचारावे. गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस आणि लहान मुले यांनी तो स्वतःहून घेऊ नये.

ठरलेला दिवस: घरातली बंडले, काडीपेटी, चुन्याची डबी, मिसरीचा डबा बाहेर काढा. विहारात वंदनेनंतर पाच माणसांसमोर सांगा. एकट्याने केलेला निश्चय एकट्यालाच मोडता येतो. दोन-तीन जणांनी मिळून सोडली तर एकमेकांना रोज विचारता येते.

तलफ आली तर: तलफ लाटेसारखी येते. काही मिनिटे चढते आणि न ओढताही उतरते. विपश्यना केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. संवेदना उठते आणि जाते, तिच्या मागे जावे लागत नाही. या पाच मिनिटांत पाणी प्या, दहा लांब श्वास घ्या, कोणाला तरी फोन लावा.

घरच्या घरी स्वसूचना

संमोहनातला उपयोगी भाग घरी फुकट करता येतो. सकाळी कामाला जाण्याआधी आणि रात्री झोपताना दहा मिनिटे शांत बसा. डोळे मिटा. नाकातून जाणाऱ्या-येणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवा. पायांपासून डोक्यापर्यंत एकेक भाग सैल सोडा. मग मनात सावकाश म्हणा:

‘माझी छाती मोकळी होते आहे. हा धूर मला नको आहे. चहा झाला की मी पाणी पितो आणि कामाला लागतो. कोणी बिडी पुढे केली तर मी हात जोडून नको म्हणतो.’

मग तोच प्रसंग डोळ्यांसमोर आणा. टपरी, मित्र, पुढे आलेला हात, आणि तुम्ही नको म्हणताना. मिसरी लावणाऱ्या बाईने मिसरीचे, माव्याच्या माणसाने माव्याचे शब्द घालावेत. यंत्रावर काम करताना किंवा गाडी चालवताना हे करायचे नाही. हा गमचा किंवा डॉक्टरचा पर्याय नाही, त्यांच्या जोडीचे साधन आहे. महिनाभर करून पाहा, उपयोग झाला तर ठेवा.

पाचवे शील आणि पुन्हा पेटलेली बिडी

बरेच जण विचारतात, तंबाखूने पाचवे शील मोडते का? ते शील प्रमादाला, म्हणजे भान हरवायला कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. बावीस प्रतिज्ञांत दारूचा स्पष्ट उल्लेख आहे, तंबाखूचा नाही. दारूसारखे भान तंबाखूने जात नाही, हेही खरे. पण जी वस्तू हातातला पैसा, छातीतला दम आणि मनाचा ताबा घेते, तिच्यापासून दूर राहणे शीलाला धरूनच आहे. शील हे स्वतः घेतलेले शिक्षण असते. कोणी कोणाला पापी ठरवण्यासाठी ते नाही.

म्हणून मध्येच एखादी बिडी ओढली गेली तर घरच्यांनी ‘झाले, तुझ्याच्याने होणार नाही’ असे म्हणू नये. कायमची सोडणाऱ्या बहुतेकांनी आधी अनेकदा सोडून पाहिलेली असते. कुठे, कोणासोबत, कशामुळे पेटली तेवढे पाहायचे आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरुवात करायची.

पैशांचाही हिशेब मांडा. रोजचे ३० रुपये धरले तर वर्षाला १०,९५० रुपये होतात. मुलाची वह्या-पुस्तके, कॉलेजची फी, स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा हप्ता यातून निघतो. बाबासाहेबांनी ज्या शिक्षणासाठी आयुष्य झिजवले, त्याचे पैसे टपरीवर जात आहेत, हे पोरांसमोर बसून मोजले तर जास्त समजते.

बायकांसाठी आणि तोंडाच्या तपासणीसाठी

मिसरीशिवाय पोट साफ होत नाही, हे खूप बायका सांगतात. सवय लागलेल्या शरीराला तसे वाटते. सकाळी दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि ज्वारीची भाकरी, थोडे चालणे यांनी काही आठवड्यांत पोट नीट होते. दातांसाठी साधी पेस्ट पुरे. दात दुखत असेल तर मिसरीने तो बधिर होतो, कीड आतून वाढतच राहते. गरोदरपणी मिसरी लावल्याने बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा आणि पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. आशाताईंना न लाजता सांगा, त्या रागावणार नाहीत.

तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा आरशात तोंड पाहावे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, तिखट अजिबात सहन न होणे, यातले काही असेल तर लगेच डॉक्टरला दाखवा. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे नर्गिस दत्त रुग्णालय आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणीही तिथेच १९८७ मध्ये सुरू झाली. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो. उशिरा सापडला तर जबडा जातो, कधी माणूस.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत फोन: १८००-११-२३५६. समुपदेशक बोलतात, सोडण्याचा दिवस ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात.

मोबाईलवर संदेशांतून मदत हवी असेल तर मिस्ड कॉल: ०११-२२९०१७०१.

मन फार बेचैन झाले, झोप गेली, जीव नकोसा वाटला तर टेली-मानस: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.

संमोहनाला जायचेच असेल तर वरचे पाच प्रश्न घेऊन जा. पण त्याआधी पहिला फोन लावा, त्याला पैसे लागत नाहीत. आणि येत्या रविवारी वंदनेला येताना आपल्या यादीचा तो कागद सोबत आणा.